आपण हवेचे भाडे भरतो

अकोल्यात किंवा अमरावतीत निर्यातीवर बैठक असली की एक वाक्य हमखास ऐकू येते. व्यापारी ते बोलतो, बागाईतदार मान डोलावतो आणि व्यासपीठावरचा पुढारी ते निवेदनात उतरवतो. ते वाक्य असे: “आपण बंदरापासून लांब पडलो, म्हणून आपला माल परदेशात परवडत नाही.” त्यामागून मागण्या येतात. रस्ता द्या, ड्राय पोर्ट द्या, विमान द्या, भाड्यात अनुदान द्या. या मागण्यांशी माझे भांडण नाही. भांडण आहे त्या वाक्याशी. ते अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच गेली कित्येक वर्षे त्याने आपले डोळे झाकून ठेवले आहेत.

आधी त्यातले खरे मान्य करतो. रेल्वेने अकोला मुंबईपासून सुमारे ५८० किलोमीटरवर आहे आणि बडनेरा त्याच्याही पुढे. नाशिकच्या द्राक्षवाल्याला न्हावा शेवा जवळ आहे, आपल्याला नाही. रिकामा कंटेनर बंदराकडून इकडे आणायचा आणि भरून परत न्यायचा, म्हणजे दुहेरी फेरी. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ असे मी वऱ्हाडाला म्हणणार नाही, कारण अंगण खरोखरच वाकडे आहे. पण अंगण सरळ करून मिळेपर्यंत पाय कसा टाकायचा हे शिकायचेच नाही, असे कोणी ठरवले? आणि अंगण काही अंशी सरळ झालेले आहेच. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला. तो अमरावती जिल्ह्यातून जातो. रस्ता आला तरी तेच वाक्य तसेच बोलले जात असेल, तर दुखणे फक्त अंतराचे नव्हते.

भाडे म्हणजे नेमके कशाचे पैसे, हा प्रश्न आपण विचारत नाही. ट्रकवाला किलोमीटरने भाव सांगतो म्हणून भाडे अंतराचेच असते असे वाटते. समुद्रावर हिशेब वेगळा आहे. पूर्ण कंटेनर घेतला तर भाडे त्या पेटीचे असते. त्यात १६ टन भरले किंवा २४ टन भरले, तरी बिलात फारसा फरक पडत नाही. माल थोडा असला आणि तो इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून गेला, तर एक घनमीटर आणि एक टन यांतले जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते. विमानात खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागतात. आलेला आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा मोठा असेल, तर पैसे त्या आकड्याचे. म्हणजे वाहतूकदार दोनच गोष्टी विकतो, जागा आणि वजन. या दोन्ही पूर्णपणे वापरणे आपल्या हातात आहे. अंतर आपल्या हातात नाही.

यावर कोणी म्हणेल, हे नव्या जमान्याचे शास्त्र आहे, आमच्या मातीतले नाही. मला याच मुद्द्यावर सर्वांत जास्त बोलायचे आहे. पोकळी काढून भाडे वाचवण्याची विद्या वऱ्हाडाला कोणी शिकवायला नको. ती इथे दोनशे वर्षांपूर्वी आलेली आहे.

१८२५-२६ साली पेस्तनजी आणि कंपनी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडातला कापूस पश्चिमेकडे मुंबईला पाठवला. तो होता पाचशे बैलांचा माल. एका बैलाच्या पाठीवर साधारण २४० पौंड बसत. त्याआधी इथला कापूस बैलांच्या तांड्यांनी पार मिर्झापूरपर्यंत जात असे. सुटी रुई म्हणजे मुख्यतः हवा. ती पोत्यात पायाने तुडवून भरली तरी फुगतेच. म्हणून याच व्यापाऱ्यांनी वऱ्हाडात रुई दाबण्याचे स्क्रू बसवले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लिव्हरपूलला कापूस मिळेना आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. १८७० मध्ये खामगावला आणि पाठोपाठ अमरावतीला रेल्वेचा फाटा आला. ही गोष्ट आपण सगळे सांगतो, पण तिच्यातली अर्धी बाजू गाळून. आगगाडी आली एवढे आपल्या लक्षात राहिले. त्या आगगाडीच्या रुळाशेजारी प्रेस का उभे राहिले, ते आपण विसरलो.

जहाजाचे भाडे टनावर सांगितले जाई, पण कापसासाठी तो टन वजनाचा नसे, घनफुटांचा असे. सैल बांधलेला बोजा लिव्हरपूलला पाठवणे म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून हवा पाठवणे. त्यामुळे आतल्या भागातून आलेले अर्धवट दाबलेले बोजे मुंबईत पुन्हा दाबावे लागत. म्हणजे मुंबईपर्यंतच्या प्रवासात हवेचे भाडे भरायचे आणि तिथे दुसऱ्यांदा दाबण्याची मजुरीही द्यायची. त्यावर उपाय निघाला तो बाजाराच्या गावीच वाफेच्या प्रेसने पक्की गाठ बांधण्याचा. आजची १७० किलोची, पट्ट्यांनी करकचून बांधलेली गाठ त्याच विचाराची वारस आहे. तेव्हाही मुंबई तितकीच लांब होती आणि लिव्हरपूल तर आजच्यापेक्षा लांब. पूर्वजांनी अंतराबद्दल तक्रार केली असेलही, पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी पोकळी काढली.

आता कोणी म्हणेल, मग कापसाचे काम तर झाले, अजून काय दाबायचे? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर ‘आणखी दाबा’ असे नाही. आजची गाठ इतकी घट्ट असते की चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण दीडशेच्या आसपास गाठी भरल्या की वजनाची मर्यादा येते. वर जागा शिल्लक राहते, पण ती वापरता येत नाही. इथे दुसरा नियम सुरू होतो: जागा संपली नसून वजन संपले, तर प्रश्न उरतो की त्या वजनात आपण काय नेतो आहोत. रुईत दोन टक्के जास्त कचरा असेल, तर २६ टनांच्या कंटेनरमध्ये ५२० किलो कचरा समुद्रापार जातो, त्याचे भाडे आपण भरतो आणि गिरणीवाला त्यासाठी भाव पाडतो. ओलावा जास्त असेल तर तितके पाणी आपण बोटीने पाठवतो. तेव्हा कापसाच्या बाबतीत भाडे वाचवण्याची जागा प्रेसमध्ये राहिलेली नाही. ती शेतात वेचणी करणाऱ्या बाईच्या ओटीत आणि जिनिंगच्या आवारातल्या ढिगाऱ्यात आहे. स्वच्छ वेचलेल्या कापसाला दोन पैसे जास्त द्यायला नकार देणारा व्यापारी जेव्हा भाडे परवडत नाही म्हणतो, तेव्हा मला त्याचे म्हणणे पटत नाही.

अकोल्याच्या डाळमिलवाल्याचेही असेच आहे. तुरीची डाळ जड माल. डाळींची निर्यात २०१७ मध्ये खुली झाली, पण जड मालासाठी कोणता कंटेनर परवडतो याची चर्चा आपण केली नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. पोत्यांतली डाळ ती जागा भरायच्या आतच वजनाच्या काट्यावर अडते. अशा मालासाठी चाळीस फुटी कंटेनर घेणे म्हणजे जवळजवळ अर्ध्या रिकाम्या खोलीचे भाडे देणे. उलट, अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत शिवलेले कपडे हलके. तिथे वजन बाजूलाच राहते आणि जागा आधी संपते.

या हलक्या मालाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो आहे. अमरावतीच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. ज्या दिवशी वऱ्हाडाचा कापूस गाठीऐवजी शर्ट आणि पँट होऊन बाहेर जाऊ लागेल, त्या दिवशी दोनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहील. गाठीतून काढलेली हवा खोक्यातून परत येईल. चाळीस सेंटिमीटर उंचीच्या खोक्यात वर चार सेंटिमीटर पोकळी राहिली, तर दहावा भाग गेला. दहा कंटेनर पाठवणारा कारखाना त्यातला एक अख्खा कंटेनर हवेने भरून पाठवेल. एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईची विमानसेवा सुरू झाल्यावर विमानाने माल पाठवण्याची स्वप्नेही ऐकू येऊ लागली आहेत. ती पाहणाऱ्यांनी हा हिशेब करावा: ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरच्या खोक्यात ९ किलो कपडे असले तरी विमान कंपनी १६ किलोचे पैसे घेते. घडी नीट घालून उंची २५ सेंटिमीटरवर आणली, तर १० किलोचे. कपडे तेच, विमान तेच, अंतर तेच.

आता संत्र्याकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याला सर्वांत जोरदार विरोध तिथूनच होईल. वरूड, मोर्शीचा बागाईतदार म्हणेल की आमच्या दुखण्याचा पेटीशी काय संबंध? बांगलादेशाने आयात शुल्क २०१९ मधल्या किलोमागे २० रुपयांवरून २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर नेले. आमचे कंबरडे त्याने मोडले. हे खरे आहे आणि ते वेदनादायक आहे. कितीही सुबक पेटी बांधली तरी ढाक्याचे शुल्क कमी होणार नाही. पण या घटनेतून निघणारा धडा माझ्या बाजूचा आहे. आपण एकाच शेजाऱ्यावर इतके का अवलंबून राहिलो? कारण सुट्या कॅरेटमध्ये भरून ट्रकने जाणारा माल तेवढ्याच अंतरापर्यंत टिकतो. समुद्रापार दोन-तीन आठवडे टिकेल अशी भरणी आपण मोठ्या प्रमाणावर कधी उभारलीच नाही. बांधणी कच्ची असली की बाजारपेठ जवळचीच मिळते, आणि जवळची एकच बाजारपेठ असली की ती आपल्याला हवे तसे नाचवते.

संत्र्याच्या बाबतीत काटकसरीचा अर्थ कोंबणे असा लावला तर सर्वनाश होतो. आपल्याकडे शीग लावून मोजून देणे हा मनाचा मोठेपणा मानतात. पायलीला शीग शोभते, कॅरेटला नाही. काठाच्या वर आलेल्या संत्र्यांवर दुसरे कॅरेट बसते आणि वरचा अख्खा थर चेपतो. नागपुरी संत्र्याची साल सैल, नाजूक. सालीला जखम झाली की हिरवी बुरशी शिरते आणि एक फळ शेजारच्या फळांना घेऊन बुडते.

एक हिशेब मांडतो. आकडे गृहीत आहेत, गणित खरे आहे. समजा, बागेपासून परदेशी बंदरापर्यंत एका रिफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरचा सगळा खर्च ४ लाख रुपये. त्यात नीट मांडून २० टन संत्री भरली आणि ५ टक्के सडली, तर विकायला १९ टन उरतात आणि भाडे पडते किलोमागे २१ रुपये. कोंबून २२ टन भरली, वाऱ्याचे मार्ग बंद झाले आणि २० टक्के सडली, तर उरतात १७.६ टन आणि भाडे पडते पावणेतेवीस रुपये. शिवाय पहिल्या वेळी एक टन फळ फुकट गेले, दुसऱ्या वेळी ४.४ टन. भाडे पाठवलेल्या किलोवर मोजायचे नसते. पलीकडे विकल्या गेलेल्या किलोवर मोजायचे असते. ही एक सवय बदलली तरी निम्मे वाद मिटतील.

रिफर कंटेनर म्हणजे चालते शीतगृह, हाही गैरसमज आहे. तो गरम फळ थंड करण्यासाठी बनवलेलाच नाही. आधीच ५ ते ७ अंशांपर्यंत थंड केलेले फळ तसेच ठेवणे एवढेच त्याचे काम. थंड हवा जमिनीच्या खाचांतून येते आणि पेट्यांमधून वर चढते. त्यासाठी खालच्या पेटीची भोके वरच्या पेटीच्या भोकांशी जुळली पाहिजेत आणि छताजवळच्या लाल रेषेच्या वर माल जाता कामा नये. दुपारच्या उन्हात तोडलेले संत्रे संध्याकाळी थेट कंटेनरमध्ये भरले, तर सडण्याची सुरुवात वऱ्हाडातच होते. बंदरावर फक्त ती दिसते.

मापाचेही तसेच. जगभर वापरल्या जाणाऱ्या मोठ्या पॅलेटचे माप १२० बाय १०० सेंटिमीटर. त्यावर ४० बाय ३० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या पेट्या एका थरात बरोबर दहा बसतात, बोटभरही जागा वाया जात नाही. आता पेटी बनवणाऱ्याने आपल्या सोयीने तीच ४२ बाय ३१ केली. दोन सेंटिमीटरने लांब, एकाने रुंद. कितीही फिरवून मांडा, थरात आठच पेट्या बसतात. पेटी मोठी झाली आणि थरातला माल सुमारे तेरा टक्क्यांनी घटला. नववी पेटी बळेच बसवली तर ती कडेबाहेर लोंबते. पुठ्ठ्याच्या पेटीची ताकद मुख्यतः तिच्या चार कोपऱ्यांत असते, त्यामुळे कोपरा आधाराबाहेर गेला की वरच्या थरांचे वजन फळावर येते. हे तेरा टक्के कोणा शिपिंग कंपनीने लुटलेले नाहीत. ते आपण पट्टी न लावल्यामुळे गेले.

शेवटचा आक्षेप पैशाचा. चांगली पेटी महाग, लहान शेतकऱ्याला कशी परवडेल? हा आक्षेप करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. पेटीचा खर्च दिसतो, कारण तो आज खिशातून जातो. सडलेल्या फळाचा खर्च दिसत नाही, कारण तो महिन्याने पट्टीत ‘माल खराब’ या दोन शब्दांत कापला जातो. प्लास्टिकचे कॅरेट पुन्हापुन्हा वापरता येते हे खरे, पण ते रिकामे परत आणतानाही हवेचेच भाडे पडते. घडी होणारे किंवा एकात एक बसणारे असेल तरच तो हिशेब जुळतो. आणि लहान शेतकऱ्याने एकट्याने पेटी विकत घ्यावी असे कोण म्हणते? गाठ बांधण्यासाठी प्रत्येक कापूस उत्पादकाने घरी प्रेस बसवला नव्हता. बाजारात एक प्रेस होता आणि गावोगावचा कापूस तिथे येत होता.

म्हणून सरकारकडे मागायचेच असेल तर मागण्या बदला. अनुदान भाड्यावर मागू नका. भाड्यावरचे अनुदान हवेलाही मिळते आणि सडक्या फळालाही. ते पलीकडे चांगल्या स्थितीत पोहोचलेल्या किलोवर मागा, म्हणजे जो नीट बांधेल त्यालाच मिळेल. वरूड-मोर्शी भागात तोडणीनंतर काही तासांत फळ थंड करणारी पूर्वशीतन केंद्रे मागा. केंद्र सरकारची भारतीय पॅकेजिंग संस्था १९६६ पासून मुंबईत आहे. तिचे चाचणी केंद्र अमरावतीत मागा, जिथे संत्र्याची पेटी आणि कपड्यांचे खोके दाबून, हादरवून, दमट हवेत ठेवून तपासता येतील. अकोल्यातले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या मालाचा अभ्यास करते. तोडणीपासून परदेशी बंदरापर्यंत एकेका कंटेनरचा पाठलाग करण्याचे काम त्याच्याकडे सोपवा: किती जागा भरली, किती वजन गेले, किती माल विकला गेला. हे तीन आकडे प्रत्येक पाठवणीमागे लिहून ठेवणारा एक तरी व्यापारी संघ अकोल्यात आणि अमरावतीत निघू द्या.

आणि एक काम असे आहे ज्याला कोणाचीच परवानगी लागत नाही. अकोल्याचा माल जड, अमरावतीचा होऊ घातलेला माल हलका. दिवाळीचा फराळ परदेशातल्या लेकीला पाठवताना आपल्या घरची बाई काय करते? चिवडा एकटा पाठवला तर पार्सल नुसते फुगते, लाडू एकटे पाठवले तर जड होते. ती खाली लाडवांचा डबा ठेवते आणि वर चिवड्याच्या पिशव्या. तेच गणित कंटेनरला लागू होते. दहा टन डाळ सुमारे चौदा घनमीटर जागा घेते, म्हणजे चाळीस फुटी कंटेनरच्या तळाशी साधारण अर्धा मीटर उंचीचा थर. वरची जवळजवळ दोन मीटर उंची कपड्यांच्या खोक्यांना मोकळी राहते. जागाही भरली आणि वजनही कारणी लागले. दोन्ही माल कोरडे हवेत, कीडनाशक धुरी नियमाने व्हायला हवी, मध्ये चांगले अस्तर हवे आणि दोन्हींचे गिऱ्हाईक एकाच बंदरावर हवे. आखाती देशांत दोन्हींची गिऱ्हाइके आहेत. अडचण एवढीच की त्यासाठी अकोल्याच्या डाळमिलवाल्याने आणि नांदगाव पेठच्या कपडेवाल्याने एका टेबलाशी बसले पाहिजे, आणि आजवर ते बसलेले नाहीत.

त्या टेबलाशी बसल्यावर ‘आपण लांब पडलो’ हे वाक्य बोलायचे असेल तर जरूर बोला, पण त्याआधी शेवटच्या दहा कंटेनरांची बिले समोर मांडा. प्रत्येक बिलावर पेन्सिलीने लिहा, यात हवा किती होती, पाणी आणि कचरा किती होता, सडून फेकलेले किती होते. ती बेरीज वजा केल्यावर जे भाडे उरेल तेवढेच अंतराचे. तेवढ्यासाठी सरकारशी भांडायला मी तुमच्या पुढे उभा राहीन.